दम्याच्या पोराला थंडीत रात्री ऊब कशी द्यायची?

जांबोटीची सून
नमस्कार. आमचं घर जांबोटीच्या अलीकडं. कौलारू, मातीच्या भिंतींचं. पावसाळ्यात मुरलेली ओल दिवाळीनंतरही पुरती जात नाही आणि आता तर पहाटे हातपाय गारठतात. मुलगा सहा वर्षांचा, दमा आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी दोन पंप दिलेत, एक रोजचा, एक दम लागला की घ्यायचा. दिवसभर हुंदडतो, पण रोज रात्री दोन-तीननंतर खोकला आणि छातीत शिट्टी. सासूबाई म्हणतात थंडी बाधतेय. म्हणून दोन वाकळी, वर घोंगडं, आणि झोपायच्या आधी खोलीत निखाऱ्याची शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. पोरगं तासाभरात सगळं लाथाडतंय, अंग घामानं ओलंचिंब. सासूबाईंना दुखवायचं नाही, पण ऊब द्यायची तरी कशी? हीटर घ्यावा काय?

निपाणीकर
ताई, आधी शेगडी बाहेर काढा, मग पुढचं वाचा. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. घरात दमा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. धुरीही नको. ओवा गुणाचा आहे, पण पोटात. धूर ओव्याचा, डासांच्या कॉइलचा की न्हाणीच्या चुलीचा, सुजलेल्या श्वासनळ्यांना सगळे सारखेच. आमच्या थोरलीला दमा आहे. मी तंबाखूच्या वखारीत कामाला. घरी आल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय तिला जवळ घ्यायचं नाही, हा आमच्या हिचा कायदा. आता पोरगी कॉलेजला जाते, पण कायदा अजून चालू आहे!

सासूबाई चुकीचं बोलत नाहीत. गार, कोरड्या हवेनं नळ्या आवळतात. पण वाकळ अंगावर असते आणि श्वास नाकानं घेतो, त्यामुळं वाकळी वाढवून ते थांबत नाही. खोलीतली हवाच बर्फगार नको. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश तरी असावं म्हणते. पोराचा बिछाना जमिनीवरून खाटेवर आणा, बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून लांब. शेजारी उसाचं पाचट पेटवत असतील तर खिडकी दिवस मावळायच्या आधीच लावा. हीटर घेतलाच तर तांबड्या कॉइलचा उघडा नको, वाकळीला आग लागेल. तेलाचा बंद हीटर झोपायच्या आधी तासभर चालवायचा, मग बंद.

ऊब अंगावरच्या कपड्यांनी द्या. आत सुती बनियन, वर लांब बाह्यांचा फ्लॅनेलचा सदरा, पायजमा, पायमोजे. पांघरूण एकच आणि हलकं. हातपाय गार लागले म्हणून लगेच आणखी घालू नका. मानेमागं हात लावून बघा. तिथं घाम आला असेल तर एक थर काढायचा. ओल्या अंगावर पहाटेची हवा लागली की हुडहुडी भरते.

आता वाकळ. जुन्या लुगड्यांच्या थरांत माइट नावाचे धुळीतले किडे राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ओल्या घरात फार माजतात. उन्हात टाकली की ओल जाते, पण किड्यांची घाण आतच राहते, आणि बऱ्याच दम्याच्या पोरांना तीच सोसत नाही. ती धुवूनच निघते, म्हणून वाकळ दर आठवड्याला धुवा.

यळ्ळूरचे आबा
आम्ही घोंगड्यावर जन्मलो, घोंगड्यावर वाढलो, काही झालं नाही. असो. वाकळ दर आठवड्याला धुवा म्हणणाऱ्यानं ती कधी भिजलेली उचलली आहे काय? दोन गडी लागतात. त्यापेक्षा जुन्या सुती धोतराची खोळ शिवून वाकळ आत घाला, उशीलाही तसंच. खोळ आठवड्याला कढत पाण्यात काढायची.

निपाणीकर
आबा, मान्य. पाणी ६० अंशांच्या आसपास हवं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं. घोंगडं मात्र पोराच्या तोंडाजवळ नको, थोरल्यांनी घ्यावं.

जांबोटीची सून
शेगडी आजपासून ओसरीवर. सासूबाईंना म्हटलं, तुम्हीच तिथं शेकत बसा, पोराला आत मी निजवते. रुसल्या नाहीत. एक विचारायचं राहिलं, रोजचा पंप बरं वाटलं की आम्ही बंद करतो. चालतंय काय?

वडगावची अक्का
नाही चालत. मी सिस्टर होते म्हणून स्पष्ट बोलते. रोज रात्री खोकल्यानं उठणं म्हणजे दमा आटोक्यात नाही, मग कितीही पांघरा. रोजचा पंप सूज उतरवतो आणि त्याला दिवस लागतात, म्हणून बरं वाटत असतानाही घ्यायचा. कमी करायचा तर डॉक्टरांनी. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं नळकांडं, लावूनच द्या, नाहीतर अर्धं औषध जिभेवरच. नंतर चूळ भरायला लावा. वाफ देऊ नका, दम्याला तिचा उपयोग नाही आणि पोरं भाजतात.

पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्या, दम लागला तर कुठला पंप, किती वेळा, किती वेळानं. कागद कन्नडात असला तर सासूबाईंसाठी मराठीत उतरवून खाटेजवळ चिकटवा, रात्री तुम्ही नसलात तर त्यांनाच बघायचंय. फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते, एक वाक्य पुरं बोलवत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा पंप देऊनही उतार नाही, तर सकाळची वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप चालू ठेवा. तुमच्याकडून बेळगाव लांब पडतंय, म्हणून गावातल्या गाडीवाल्याचा नंबरही त्याच कागदावर लिहा.