'दूध पुरत नाही' हे कशावरून ठरवायचं? अनुभव लिहा

पारिजात
काल एका नव्या आईचा प्रश्न वाचला, "संध्याकाळभर रडतंय, दूध पुरत नाही, वरचं चालू करू का?" जुन्या सगळ्या शंका परत आठवल्या, म्हणून धागा काढतेय. सहा महिने फक्त आईचं दूध हे बहुतेकींना पाठ असतं, गाडी अडते ती अशा संध्याकाळी. रडणं म्हणजे दर वेळी भूक नव्हे. शू मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान 6 लंगोट ओले हवेत, शू फिकट हवी. सुरुवातीला उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर यायला हवं. आलं नाही तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

रेवा
+१
छाती सैल लागायला लागली म्हणजे दूध आटलं असं नाही गं. काही आठवड्यांनी मागणीप्रमाणे पुरवठा बसतो आणि ते गच्च भरणं थांबतं. पंपात किती आलं यावरूनही ठरवू नका, नीट ओढणारं बाळ पंपापेक्षा जास्त काढतं.

मेघमल्हार
बाबा लोकांनी विचारलं तर चालेल ना? उकाड्यात दोन चमचे पाणी तरी?

पारिजात
चालेल की! पण पाणी नको. दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. वरचं पाणी दिलं की पोट भरतं, बाळ कमी ओढतं, आणि ओढलं नाही तर दूध कमी बनतं. वरच्या दुधाचंही तेच. उकाड्यात जास्त वेळा पाजा. डॉक्टरांनी दिलेली औषधं, ड जीवनसत्त्वाचे थेंब, ओआरएस चालतं, त्याने 'फक्त स्तनपान' मोडत नाही.

स्वाती_क
सगळे आकडे मोजतायत, पकड, म्हणजे बाळाने छाती तोंडात कशी धरलीय, ते कुणी बघत नाही! तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा, मग बाळाला छातीकडे आणा, छाती बाळाकडे नेऊ नका. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या बाजूला जास्त दिसतो. गाल आत जात असतील, चटचट आवाज येत असेल तर पकड चुकलीय. तसंच ओढून काढू नका, चिरा पडतात. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून हवा सोडा आणि परत लावा.

रेवा
चिरा पडलेल्या सगळ्यांना मिठी. फार दुखतं ते.

अबोली१२
धाग्याला सोडून आहे, पण पंप अचानक ओढेनासा झालाय. मोटर गेली का?

स्वाती_क
आधी तो छोटा रबरी व्हॉल्व्ह बघ. बारीक चीर गेली तरी ओढ जाते. धुताना ब्रश घालू नको त्यात.

अबोली१२
चीरच आहे ताई! थँक्यू. काढलेलं दूध बाहेर किती वेळ टिकतं?

पारिजात
25 अंशांपर्यंत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस, दारात नाही, आत मागे ठेव. कोमट पाण्यात भांडं धरून गरम कर. मायक्रोवेव्ह नको, मधेच कढत राहतं आणि तोंड भाजतं.

मेघमल्हार
एका बाजूला गाठ आणि ताप आला तर पाजणं थांबवायचं का?

स्वाती_क
अजिबात नाही! पाजत राहायचं, दोन फीडच्या मधे थंड शेक, जोरात चोळायचं नाही. चोळल्याने सूज वाढते. एक दिवसात उतरलं नाही तर डॉक्टर. आईला ताप आहे का आत्ता?

मेघमल्हार
हो, सकाळपासून. फोन करतो.