मदत हवी आहे : स्ट्राइप्ड बासच्या नियमांसाठी नोंदी

न्यू जर्सीत हौसेने गळ टाकणाऱ्या मराठी मंडळींनो, स्ट्राइप्ड बास या माशाच्या नियमांबद्दल अटलांटिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशनला (अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा मासेमारीचे नियम ठरवणारा आयोग) आम्ही काही जण एकत्रित सूचना पाठवणार आहोत. सध्या माणशी दिवसाला एकच मासा घरी नेता येतो, तोही 28 इंच किंवा मोठा, पण 31च्या आतला. हे मासे जिथे मोठ्या प्रमाणावर अंडी घालतात त्या चेसापीक खाडीत 2019 पासून पिल्लांची पैदास कमी आहे, त्यामुळे मर्यादा हवीच. पण मापाचा हा पट्टा अरुंद असल्याने बहुतेक मासे सोडावे लागतात आणि सोडलेल्यांपैकी 9 टक्के मरतात असं धरलं जातं. कोमट पाण्यात किंवा गळ घशात गेल्यास हे प्रमाण वाढतं. म्हणून नुसती मापं बदलण्यापेक्षा सोडण्याच्या पद्धतीवर भर द्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

त्यासाठी तुमच्या नोंदी हव्यात. तोंड मिटून, शेपटीची टोकं चिमटीत जुळवून, सपाट पट्टीवर सरळ माप घ्या. अंगावरून टेप फिरवला तर लांबी जास्त भरते. शेपटीच्या खाचेपर्यंतचं माप असेल तर तसं लिहा, त्यात मिसळू नका. सोबत पाण्याचं तापमान, किनारा की बोट, सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) की ट्रेबल (तीन टोकांचा गळ) (आमिष लावलं तर सर्कलच सक्तीचा), गळ ओठात की घशात. काहीच न लागलेल्या फेऱ्याही कळवा, नाहीतर सरासरी फुगते.

आणि संख्याशास्त्र जाणणारं कुणी आहे का? किनारा आणि बोटीची तुलना थोड्या नोंदींवर कशी करावी, यात अडलो आहोत.