पाणलोटाची कामं झाली, आता ऊस आणि बोअर कसे थांबवायचे?

माणदेशी_शिवार:
आमच्या गावात (ता. माण) माथ्यावर समतल चर, खाली नालाबांध झाले. श्रमदानाला घरटी माणूस आला. यंदा फेब्रुवारीतही विहिरींना पाणी आहे. लगेच दोघांनी ऊस लावला, परवा बोअरची गाडीही येऊन गेली. ग्रामसभेत बोललं की उत्तर ठरलेलं, "माझ्या रानातलं पाणी, तुला काय करायचंय?" प्रभातफेरी झाली, भिंती रंगवून झाल्या. भांडण न होता लोकांच्या गळी कसं उतरवायचं?

प्रवरेकाठची:
दादा, भिंती राहू द्या, हिशेब मांडा. मी नगर जिल्ह्यात बचतगटांबरोबर हेच काम करते. सभेत सुरुवातीलाच सांगते: 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर, म्हणजे एक टँकर. टँकर म्हटलं की बायका पुढे सरकून बसतात, हंडे घेऊन त्याच पळालेल्या असतात ना! मग पर्जन्यमापकाचा आकडा फळ्यावर घ्यायचा, वाहून गेलेलं, उन्हानं उडालेलं वजा करायचं. उरलं त्यात आधी पिण्याचं, मग जनावरांचं, पिकं शेवटी. हिवरे बाजारला दरवर्षी पावसाळा सरला की हा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो आणि रब्बीत काय पेरायचं ते त्यावर ठरतं. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, ऊस-केळीलाही.

कऱ्हेपठार:
हिशेबासोबत वाटाही ठरवा. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी आमच्या पुरंदरात, नायगावला पाणी पंचायत सुरू केली. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकरापुरतं पाणी. उसाला नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क! तुमच्याकडे चर खोदायला आलेल्यांत भूमिहीन किती होते? त्यांच्या पदरात काहीच पडणार नसेल, तर ऊसवाल्याला अडवायला ते कशाला उभे राहतील?

माणदेशी_शिवार:
हे मनाला लागलं. खोदायला तीच माणसं जास्त होती. पुढच्या ग्रामसभेत आधी हाच विषय घेतो. ताई, पर्जन्यमापक शाळेत आहे, पण जमिनीत किती मुरलं ते कसं धरायचं?

प्रवरेकाठची:
विहिरी मोजा. ठरलेल्या विहिरी, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. गाठी मारलेली दोरी, टोकाला दगड, बास. आकडे चावडीवर लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांच्याही नोंदी मागा. आणि ऊसवाल्या दोघांच्या विहिरींपासून सुरुवात करा, दोरी त्यांच्याच हातात द्या.