वाडीच्या ग्रुपवर फाकांचे व्हिडिओ ठेवायचे की काढायचे?

सुरंगी :
शिमगा आला की रत्नागिरीकडच्या वाडीवाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होळीच्या होमाभोवतीच्या फाकांचे, म्हणजे तिथे ओरडून म्हणायच्या चावट, शिवराळ ओळींचे, व्हिडिओ पडायला लागतात. माझ्या मते अॅडमिनने ते लगेच काढावेत. वर्षभर फिरणाऱ्या घाणेरड्या क्लिपा आणि विनोदांनाही तोच नियम लावावा, सणाची म्हणून वेगळी सूट नको. फाक होमापाशी शोभते. तिथे वेळ ठरलेली, माणसं ठरलेली, होम शांत झाला की विषय संपला. तीच फाक मोबाइलवरून भर दुपारी बोरिवलीच्या खोलीत नववीतल्या पोरीच्या हातात जाते. वाडीच्या ग्रुपमध्ये आजीपासून नातवापर्यंत सगळे असतात आणि कित्येक घरांत एकच फोन सगळे वापरतात. नियम सोपा असावा : पहिल्या वेळी संदेश काढून समज द्यायची, दुसऱ्या वेळी माणूस ग्रुपबाहेर.

खाडीकाठ :
सुरंगीताई, याला माझा ठाम विरोध आहे. त्रयोदशीचे तेरसे शिमगे असोत की पौर्णिमेचे भद्रेचे, फाका हा त्या विधीचा भाग आहे आणि त्या पाठ असलेली माणसं आता थोडी उरली आहेत. तरुण पोरं मुंबईत आणि सुट्टी दोन दिवसांची, मग व्हिडिओ हीच काय ती नोंद राहते. उद्या जाखडी नाचातल्या शक्ती-तुरा पक्षांचे दुअर्थी सवाल काढाल, परवा नमनाच्या खेळातल्या मावशीचे संवाद. हे थांबणार कुठे?
कायदाही एवढा सोवळा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ व्या कलमात अश्लील मजकूर पसरवल्यास पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे, हे खरं. पण कला, साहित्य, तसंच वारसा आणि धर्म यांसाठी प्रामाणिकपणे ठेवलेल्या गोष्टींना त्याच कायद्यात अपवादही आहे. शिवाय १९ मार्च २०२४ ला एका वेबमालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. मग हा निवाडा मुंबईकर गावकऱ्यांच्या मंडळाच्या एकट्या अॅडमिनने का करायचा? गावकीने करावा.

कलम-कायदा :
खाडीकाठदादा, अपवाद बरोबर सांगितलात, पण तो कुठवर पुरतो तेही बघा. परंपरेने आलेली, कुणाचंही नाव नसलेली फाक त्यात बसवता येईल. वाडीतल्या जिवंत बाईचं नाव घालून रचलेली नवी फाक वारसा ठरत नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ येतं, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान, ३ वर्षांपर्यंत कैद. होमापाशी ती ओरडली तर ऐकणारे मोजके, ग्रुपवर टाकली की ती कायमची झाली. माझ्या लेखी कसोटी एकच आहे : ओळखू येईल असं माणूस त्यात आहे का? असेल तर काढा, सण असो वा नसो.
अॅडमिन लोकांच्या भीतीबद्दलही सांगतो. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा संगनमताचा हेतू दिसावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे पोलिसांच्या धाकाने सरसकट पुसत सुटायचं कारण नाही.

बंदरपट्टा :
फाकांवर एवढं बोलणं झालं, पण ग्रुपवरची खरी घाण येते ती फुटलेल्या लिंकमधून. पालखीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ग्रुपची लिंक छापतात, कुणीतरी ती फेसबुकवर टाकतो. मग अनोळखी नंबर आत शिरतात आणि मध्यरात्री नग्न फोटो ओततात. अशा वेळी अॅडमिन घाबरून आधी फोटो पुसत बसतो आणि खालून नवे येतच राहतात. म्हणून आधी ग्रुपच्या परवानग्यांत जाऊन सदस्यांचं संदेश पाठवणं बंद करायचं. मग त्या संदेशाची व्हॉट्सअॅपकडे तक्रार करायची, पुसण्याआधीच, कारण तक्रारीसोबत शेवटचे ५ संदेश कंपनीकडे जातात. नंतर ते सगळ्यांसाठी पुसा आणि नंबर बाहेर काढा. एवढ्यावर थांबलात तर जुन्या लिंकवरून दुसरा नंबर येईल, तेव्हा लिंक रीसेट करा आणि नवीन सदस्यांना अॅडमिनची मंजुरी लागेल अशी सोय चालू ठेवा. ग्रुप उघडायचा तो हे सगळं झाल्यावरच.
व्हॉट्सअॅपवर शब्द गाळणारी चाळणी बसवता येत नाही, ती अपेक्षा सोडा. फेसबुक पेजवर येते, पण मालवणीत जिव्हाळ्याने घातलेली शिवी आणि खरी शिवी तिला सारखीच. शिवाय लोक रोमन लिपीत एक शब्द चार तऱ्हांनी लिहितात.
सुरंगीताई, तुमच्या 'दुसऱ्या वेळी बाहेर' ला मात्र माझी हरकत आहे. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके (फोनमध्ये अॅप बसवणारी) फाइल उघडली की अख्खा फोन चोराच्या ताब्यात जाऊ शकतो आणि साठीतल्या काकांच्या नावाने नको ते ग्रुपवर येतं. त्यांना चारचौघांत झापू नका. साधा फोन करा, ती फाइल काढायला, लिंक केलेली उपकरणं लॉगआउट करायला आणि व्हॉट्सअॅपला ६ अंकी पिन लावायला सांगा. तोवर त्यांचा नंबर बाहेर ठेवा, शिक्षा म्हणून नव्हे.

सुरंगी :
काकांचा मुद्दा मान्य. पण पोरीबाळींच्या खाजगी फोटोच्या बाबतीत समज देणं वगैरे काही नको. तिथे टाकणारा त्याच क्षणी बाहेर, आणि तिच्या घरी एखाद्या बाईने बोलावं, ग्रुपवर चर्चा अजिबात नको. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते.
फाकांचं म्हणाल तर नोंद हवीच, पण त्यासाठी मोठ्यांचा वेगळा ग्रुप करा.

कलम-कायदा :
एक भर घालतो. मजकूर अल्पवयीन मुलाचा असेल तर 'पुरावा' म्हणून तो दुसऱ्या अॅडमिनला पाठवू नका. मुलांचं असं साहित्य जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. नंबर आणि वेळ कागदावर लिहा आणि थेट पोलिसांना कळवा.

खाडीकाठ :
नाव घेतलेल्या फाका काढायला माझीही ना नाही. वेगळ्या ग्रुपला मात्र माझी ना आहे, कारण त्यात फक्त पुरुष राहतील आणि बायकांना फाका ठाऊकच नाहीत असं सोंग पुढे चालू राहील. त्यापेक्षा प्रत्येकाने फोनच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'त जाऊन मीडियाचं आपोआप डाउनलोड बंद करावं, मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीकडे. मग व्हिडिओची धूसर झलक तेवढी दिसते. टाकणाऱ्याने वर 'फाका' असं लिहावं, ज्याला बघायचं त्याने दाबावं.

सुरंगी :
धूसर झलक नववीतली पोरगीही दाबतेच, दादा. मी काढा असंच म्हणणार.