मदत हवी आहे: .२२ रायफलला ३०० यार्डांवर न्यायचंय, पण स्कोपचा टरेट (नेम वर-खाली करायची चकती) आधीच संपतो

नमस्कार मंडळी,

एनसीसीत .२२ डिलक्सवर २५ मीटरचं ग्रुपिंग (गोळ्या एकमेकींजवळ लागणं) जमलं की आमची कॉलर ताठ व्हायची. नंतर वीस वर्षं रायफलीला हात नाही. आता टेक्सासात राहतो, ऑफिसातल्या एकाने ओढून नेलं आणि पुन्हा नाद लागला.

रायफल सीझेड ४५७, गोळी ४० ग्रेनची स्टँडर्ड व्हेलॉसिटी, खोक्यावरचा वेग सेकंदाला १,०७० फूट. १०० यार्डांपर्यंत काही तक्रार नाही. पण आमच्या रेंजवर २०० आणि ३०० यार्डांवर पोलादी पाट्या टांगल्यात, त्या बघून राहवत नाही.

स्कोपची वर-खाली फिरण्याची एकूण मर्यादा ६५ एमओए (कोनाचं माप; एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच). घेताना वाटलं, चिक्कार आहे. पण त्यातले निम्मे खालच्या बाजूला, म्हणजे माझ्या काही कामाचे नाहीत. उरलेल्या साडेबत्तीसातले दहाएक ५० यार्डांच्या झीरोतच (त्या अंतरावर नेम आणि गोळी एका जागी जुळवण्यात) गेले, कारण ही संथ गोळी तिथे पोचेपर्यंतच चारेक इंच खाली येते, शिवाय स्कोप बॅरलच्या दीड इंच वर. टरेट टोकापर्यंत फिरवून मोजलं: २२ शिल्लक. बॅलिस्टिक ॲप म्हणतंय २०० ला २३ हवेत, ३०० ला ४१. म्हणजे २०० लाच एका एमओएने घोडं अडलं!

आधी झीरो १०० वर नेऊन पाहिला. खुळेपणा नुसता. टरेटवरचा शून्य सरकला, टोक होतं तिथेच. मग स्कोप धरणाऱ्या मागच्या रिंगमध्ये कोल्ड्रिंकच्या डब्याच्या दोन पट्ट्या घातल्या, पाचएक एमओए मिळाले. २० साठी तशा आठ लागतील. रिंग उघडली तर स्कोपच्या नळीवर चंद्रकोरीएवढा वळ, तिथेच थांबलो.

आता उतरती रेल (स्कोपखालची, मागे जाड असलेली पट्टी, जी स्कोपला ठरावीक एमओएचा कल देते) घ्यायची आहे. २० ची घेतली तर ४२ मिळतात आणि लागतात ४१, म्हणजे अगदीच काठावर. ३० घेऊ की सरळ ४०? ४० वर ५० यार्डांचा झीरो बसेल का? मित्र म्हणतो रेल नको, हाय व्हेलॉसिटी गोळी घे.

प्रतिसाद १

३० घ्या. तुमच्याच आकड्यांनी वर ५२ आणि खाली १३ उरतात. ४० वर खाली फक्त ३ राहतील. कागदावर झीरो बसतो, पण रेल आणि रिंगांच्या जुळणीत दोन-चार एमओए इकडेतिकडे सहज होतात, मग बसा डोकं धरून.

२० मध्ये आणखी एक मेख आहे. स्कोपच्या आतली नळी गोल पोकळीत सरकते, ती वर टेकली की डाव्या-उजव्या बाजूला जागा उरत नाही. ३०० यार्डांवर .२२ ला वाऱ्यासाठी ती जागा लागणारच.

४५७ ला ११ मिमीची डव्हटेल (रेल जिच्यावर बसते ती खाच) आहे, त्या मापाची रेल बघा. जाड बाजू मागे! उलटी बसवून "स्कोप बिघडला" म्हणणारे भेटलेत मला.

पट्ट्या काढून टाका. रेल नकोच असेल तर आत प्लॅस्टिकची फिरती कडी असलेल्या रिंग मिळतात, त्यात नळीवर ताण न येता कल देता येतो. हाय व्हेलॉसिटीचं मात्र मनावर घेऊ नका. ती गोळी ध्वनीपेक्षा वेगात निघते, वाटेत त्या वेगाखाली उतरताना डगमगते आणि लांबवर ग्रुप फाकतो.

धागाकर्ता

धन्यवाद! ३० ची मागवतो. तोवर २०० ला टरेट टोकाला नेऊन उरलेला एक एमओए रेटिकलच्या (स्कोपमधून दिसणाऱ्या रेघांच्या) खुणेने धरू का? स्कोप सेकंड फोकल प्लेनचा (झूम बदलला तरी रेटिकल तेवढंच दिसतं) आहे.

प्रतिसाद १

धरा की. फक्त त्यात खुणा एकाच झूमला खऱ्या असतात, बहुधा कमाल झूमला. १०० यार्डांवर एकेक इंचाच्या रेघा आखलेला कागद लावा आणि ताडून घ्या.