मदत हवी आहे: सर्वकालीन राईट बॅक, काफू सोडून कोणाला बघू?

राम राम मंडळी, भुसावळला आमच्या पोरांची फुटबॉल टीम आहे, ग्राउंडच्या खोलीत भिंतीवर सर्वकालीन अकरा रंगवायचेत आणि सगळं ठरलंय फक्त राईट बॅकवर (उजव्या बाजूचा डिफेंडर) गाडी अडलीय.

मी ब्राझीलच्या काफूचा माणूस. 1994, 1998, 2002 अशा सलग तीन वर्ल्ड कप फायनल खेळला आणि शेवटचीत कॅप्टन, दुसऱ्या कोणाला जमलंच नाहीये हे. पण आमचे एक काका ब्राझीलच्याच कार्लोस अल्बर्तोवर अडून बसलेत, 1970 च्या फायनलला पेलेच्या पासवर मारलेला तो चौथा गोल दाखवतात अन् म्हणतात विषय संपला! गोल भारीच आहे हो, पण बॅकला डिफेन्स पण बघायचा ना. ब्राझीलचाच जाल्मा सांतोस 1958 च्या वर्ल्ड कपला फक्त फायनल खेळला तरी स्पर्धेच्या बेस्ट टीममध्ये निवडला गेला, म्हणजे काहीतरी असणारच त्याच्यात.

हायलाइट्स भरपूर बघून झाल्या, त्यात डिफेन्स दिसतच नाही. आकडे पण काढले, जुन्या काळचे टॅकल वगैरे मोजलेले मिळत नाहीत. जर्मनीच्या लामला धरलं नाही कारण तो लेफ्टला आणि मिडफिल्डला पण बराच खेळला, फ्रान्सच्या थुरामचं तसंच, सेंटरला बराच. चुकत असेल तर सांगा. मोबाईलवर फुकट दिसेल तेच चालेल, रविवारी पेंटर येणारे.

तर भाऊ, अल्बर्तो आणि जाल्मा सांतोस दोघांचा डिफेन्स नीट कळेल अशी फायनल सोडून पूर्ण मॅच कोणती बघू?