जुन्या ट्रकचं इंजिन ऑइल गळतंय, क्रँक सीलच असेल का?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. सहाचाकी जुनी गाडी आहे, सावद्याहून इंदूरला केळी भरून चालते. रात्रभर उभी राहिली की बरोबर इंजिन न गिअरबॉक्सच्या जोडाखाली डाग पडतो, दर खेपेला लिटरभर ऑइल वरून टाकावं लागतंय. मिस्त्री म्हणतो मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाला ऑइल अडवणारी रिंग) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. माल तयार आहे, आता गाडी उभी ठेवणं परवडत नाही भो. खरंच सील असेल का?

डिझेल_धुळे
भाऊ आधी गिअरबॉक्सला हात लावू देऊ नको. डाग जिथे पडतो तिथूनच गळतंय असं नसतं, ऑइल वरून ओघळतं आणि चालत्या गाडीत हवा त्याला मागे ढकलते, म्हणून टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) निघालेलं पण शेवटी मागे जोडाजवळच्या फ्लायव्हील हाउसिंगवरच थेंब धरतं. इंजिन थंड असताना डिझेलने ब्रश मारून धू, पूर्ण कोरडं कर, मग चालू करून गरम होऊ दे न टॉर्च घेऊन वरून खाली बघत ये, टॅपेट कव्हर, फिल्टरची बैठक, ऑइल कूलर, प्रेशरचा स्विच, टर्बो असेल तर त्याचा रिटर्न पाइप, शेवटी खालच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग. सगळ्यात वर जिथे ओलं दिसेल ते आधी धर. शंका वाटली तिथे टाल्कम पावडर मार, ओली रेघ उमटते.

भुसावळ_मिस्त्री
बरोबर आहे. पण इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप पण बघा दादा, तो चोंदला की आत प्रेशर कोंडतं आणि नवीन सील टाकलं तरी परत गळतं. चालू इंजिनात ऑइल टाकायचं झाकण उघडून बघा, भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा न लायनर घासलेत, मग खर्च मोठा. क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून काय येतंय ते बोटावर घ्या, काळं पातळ असेल तर इंजिनचं, जाड न गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरबॉक्सचं. इंदूरच्या वाटेवर भेरूघाटात चढाला क्लच घसरतो का? मागचं सील गेलं असेल तर ऑइल क्लचवर येतं, म्हणून विचारतो.

केळीवाला_रावेर
क्लच घसरत नाही, भोक पण कोरडं निघालं. धुऊन पावडर मारली तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून रेघ आली, पॅकिंग लाकडासारखं कडक झालंय. ब्रीदरमध्ये पण काळा गाळ होता, साफ केला. धूर नाही. बोल्ट आवळून भागेल का?

डिझेल_धुळे
नाही भागणार, जास्त आवळलं की कव्हरच वाकतं न मग कितीही पॅकिंग बदला. नवीन टाक, स्वस्तच असतं. जुनं खरवडताना तुकडा आत पडू देऊ नको, कव्हर काचेवर पालथं ठेवून बघ कुठे उचललंय का. बोल्ट मधून बाहेर थोडे थोडे आवळ. ऑइल मोजायची पट्टी गाडी सपाट जागेवर लावून, इंजिन बंद करून थोडं थांबून बघायची. आणि रस्त्यात ऑइल प्रेशरचा काटा खाली यायला लागला तर तिथेच बाजूला घे रे, पुढच्या ढाब्यापर्यंत ओढत नेऊ नको.